सगळ्यांची म्हणजे कुणाची?

२०१७ च्या जूनमध्ये राज्यात शेतकरी कर्जमाफीची घोषणा झाली, तेव्हा मी गावी होते. आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे आणि आमची वस्ती गावापासून जरा बाजूला, ओढ्याच्या पलीकडे आहे. चळवळीत काम करणारा एक तरुण कार्यकर्ता, अतिशय सच्चा मुलगा, त्या संध्याकाळी घरी आला आणि मायसमोर जमिनीवर मांडी घालून बसला. “मावशी, ह्ये आपल्या लढ्याचं यश हाय. आता सगळ्यांचं कर्ज माफ व्हणार,” असे तो म्हणाला. माय सुपात तुरीची डाळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले आणि विचारले, “सगळ्यांचं मंजी कुणाचं, बाबा? आपल्या नावावर सातबारा न्हाई. सातबारा न्हाई म्हून ब्यांकेनं कधी कर्ज दिलं न्हाई. मग माफ काय करणार?”

मायवर कर्ज होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची होती, बचत गटाचा हप्ता होता, एका खाजगी सावकाराचे बारा हजार होते. पण यांपैकी कोणतेही कर्ज माफीच्या यादीत बसणारे नव्हते. त्या मुलाकडे उत्तर नव्हते आणि त्याने ते तसे प्रामाणिकपणे कबूल केले.

मी लातूरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. अमेरिकेतील पुरोगामी पक्षांच्या आणि नेत्यांच्या जाहीरनाम्यांत कृष्णवर्णीय मतदारांच्या खास प्रश्नांना जागा असते का, असे विद्यार्थी तिथल्या प्रत्येक निवडणुकीच्या वर्षी विचारतात. मला वाटते, हा प्रश्न मायने विचारला तसा विचारायला हवा. जाहीरनाम्यात कृष्णवर्णीयांचा उल्लेख किती वेळा आला, हे मोजून फारसे काही हाती लागत नाही. ‘सगळ्यांसाठी’ म्हणून लिहिलेला लाभ कोणत्या कागदावर, कोणत्या कचेरीतून आणि कुणाच्या सहीने घरापर्यंत येणार आहे, हे पाहिल्यावर मात्र बरेच काही उलगडते.

१९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा घ्या. म्हातारपणी पेन्शन आणि बेकारीच्या काळात भत्ता देणारा हा कायदा अमेरिकेतील पुरोगामी राजकारणाचा फार मोठा विजय मानला जातो आणि तो तसा होताही. त्याच्या मजकुरात वंशाचा कुठे उल्लेख नव्हता. शेतमजूर आणि घरकामगार मात्र त्यातून वगळले होते, आणि त्या काळात जवळपास दोन तृतीयांश कृष्णवर्णीय कामगार याच दोन कामांत होते. हे दक्षिणेतील गोऱ्या जमीनदारांच्या दबावामुळे घडले की वर्गणी गोळा करण्याच्या प्रशासकीय अडचणीमुळे, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. परिणामाबद्दल वाद नाही. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या वतीने चार्ल्स ह्यूस्टन हे वकील सिनेटच्या समितीपुढे साक्षीला गेले, तेव्हा त्यांनी या विधेयकाला चाळणीची उपमा दिली होती. बहुतेक कृष्णवर्णीय नेमके खाली गळून पडतील एवढीच तिची भोके मोठी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ही साक्ष मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा मला दर वेळी ते डाळीचे सूप दिसते.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये केलेल्या कायद्याचीही हीच गत झाली. शिक्षण, घरकर्ज, धंद्यासाठी मदत, सगळे त्यात होते आणि तो सर्व सैनिकांसाठी होता. पण कर्ज द्यायचे स्थानिक बँकांनी आणि अर्ज तपासायचे स्थानिक अधिकाऱ्यांनी. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यातील शहरांत या योजनेच्या हमीवर दिलेल्या बत्तीसशेहून अधिक कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळालेली कर्जे दोन होती.

शेतीचा विषय निघाला की मी अधिक वेळ थांबते, कारण तो आमच्या भागातल्या मुलांना लगेच कळतो. १९२० मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ती संख्या पन्नास हजारांच्याही खाली आहे. शेती सोडून लोक शहरांत गेले हे एक कारण आहे, पण एकमेव नाही. सरकारी शेतीकर्जाच्या मंजुरीत तिथल्या जिल्हापातळीवरच्या समित्यांचा शब्द चालत असे आणि त्या समित्यांवर गावातले वजनदार गोरे शेतकरी निवडून येत असत. गोऱ्याचे कर्ज पेरणीआधी मिळायचे आणि काळ्याचे पेरणीची वेळ टळल्यावर. कर्ज नाकारले, असे कागदावर कुठेच दिसत नसे; पण मृग कोरडा गेल्यावर मिळालेल्या बियाण्याचे काय करायचे, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दुसरी अडचण वारसनोंदीची होती. मृत्युपत्र न करता आजोबा वारले, जमीन सगळ्या नातवंडांच्या नावे सामाईक राहिली, त्यांपैकी शहरात गेलेल्या एखाद्याचा हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला आणि कोर्टात जाऊन सगळ्याच जमिनीचा लिलाव घडवून आणला, अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्यांची शेते गेली. कर्जवाटपातल्या भेदभावाविरुद्ध पिगफर्ड नावाने ओळखला जाणारा खटला झाला, १९९९ मध्ये तडजोड झाली आणि पंधरा हजारांहून अधिक शेतकऱ्यांना सुमारे एक अब्ज डॉलर मिळाले. तोपर्यंत अनेकांच्या जमिनी गेलेल्या होत्या.

मार्च २०२१ मध्ये बायडेन सरकारने करोनाकाळातील मोठा मदत कायदा केला. त्यात भेदभाव सोसलेल्या समाजगटांतील शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी सुमारे चार अब्ज डॉलरची तरतूद होती. त्यात कृष्णवर्णीय, मूळ अमेरिकन, लॅटिनो आणि आशियाई शेतकरी येत होते. पुरोगाम्यांनी खास प्रश्नाला खास उत्तर दिल्याचे हे मला माहीत असलेले अगदी स्वच्छ उदाहरण आहे. गोऱ्या शेतकऱ्यांनी वेगवेगळ्या राज्यांत दावे लावले, वंशाच्या आधारावर लाभ देता येत नाही असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये न्यायालयांनी ही कर्जमाफी थांबवली. ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेने ती तरतूदच रद्द केली. तिच्या जागी दोन योजना आल्या. एक अडचणीतल्या कोणत्याही कर्जदारासाठी होती. दुसरी, २.२ अब्ज डॉलरची, कृषी खात्याच्या कर्जवाटपात भेदभाव झाल्याचे दाखवू शकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी होती. जुलै २०२४ मध्ये या दुसऱ्या योजनेतून त्रेचाळीस हजारांहून अधिक लोकांना पैसे मिळाले.

ही हकीकत ऐकून माझे काही विद्यार्थी म्हणतात की, मग खास तरतूद करण्यात अर्थच नाही, ती कोर्टात टिकत नाही. मी त्यांना सांगते की, दुसरी योजना नीट पाहा. तिच्यात वंशाचे नाव नाही, पण अन्यायाचे नाव आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कागद दाखवण्याची संधी आहे आणि तो कागद मान्य करणारी यंत्रणा आहे. पहिली योजना मागणारे लोक रेटा लावून बसले नसते तर ही दुसरी योजना आली असती, असे मला वाटत नाही.

पुरोगाम्यांची बाजू मी कमी लेखत नाही. गरिबी, बेकारी आणि आजारपण यांचा बोजा कृष्णवर्णीयांवर जास्त आहे, म्हणून सर्वांसाठी रोजगार, सर्वांसाठी विमा आणि सर्वांसाठी शिक्षण दिल्यास सर्वाधिक फायदा त्यांनाच होईल, हा युक्तिवाद केवळ गोऱ्या नेत्यांचा नाही. १९६६ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ आणि बायर्ड रस्टिन यांनी ‘सर्व अमेरिकनांसाठी’ म्हणून स्वातंत्र्याचे अंदाजपत्रक मांडले होते आणि हे दोघेही कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे बिनीचे शिलेदार होते. मात्र याच रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा देऊन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडून युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वंशभेदाला मनाई करणारा आदेश काढून घेतला होता, हे विसरून चालणार नाही. रोजगार सर्वांसाठी हवा, हे त्यांनी मागितले; आणि कारखान्याचे फाटक आपल्यासाठी उघडले पाहिजे, हेही वेगळे मागितले.

आपल्याकडे बाबासाहेबांनी हेच केले होते. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात कामगारांच्या मागण्यांची लांबलचक यादी होती आणि तिच्यातली प्रत्येक मागणी सर्व कामगारांसाठी होती. पण विणकाम खाते, जिथे पगार बरा होता, तिथे अस्पृश्यांना घेत नसत. मागावर धागा तुटला की तो तोंडात धरून, लाळेने ओला करून जोडावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. लाल बावट्याखाली एकत्र उभे असलेल्या त्या कामगारांमधला हा विटाळ मागण्यांच्या यादीत आपण होऊन कुणीच लिहिला नाही. तो बाबासाहेबांना मांडावा लागला. पुढे १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने संपात उतरलेच, म्हणजे मोठी एकजूट त्यांना नको होती असे मुळीच नाही. त्या एकजुटीत तुटलेल्या धाग्याचा प्रश्न हरवू नये, एवढेच त्यांना हवे होते.

अमेरिकेतील अलीकडच्या जाहीरनाम्यांकडे आले की चित्र संमिश्र दिसते. २०१५ मध्ये बर्नी सँडर्स या डाव्या विचारांच्या सिनेटरनी डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली तेव्हा त्यांचा भर जवळजवळ पूर्णपणे आर्थिक विषमतेवर होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सिएटलच्या सभेत दोन कृष्णवर्णीय तरुणींनी मंचावर जाऊन त्यांचे भाषण रोखले आणि त्याच सुमारास त्यांच्या प्रचारात वांशिक न्यायाचे स्वतंत्र प्रकरण आले. पोलिसी अत्याचार, तुरुंगवास, मताधिकार, सगळे त्यात नोंदवले गेले. गुलामगिरीच्या नुकसानभरपाईला मात्र त्यांनी जानेवारी २०१६ मध्ये नकार दिला. संसदेत ती मंजूर होण्याची शक्यता नाही आणि तिच्यामुळे फूट पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या निवडणुकीत भरपाईचा अभ्यास करण्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. हे विधेयक जॉन कॉन्यर्स यांनी १९८९ मध्ये पहिल्यांदा मांडले होते आणि त्याला लाभलेला चाळीस हा क्रमांक १८६५ मध्ये मुक्त गुलामांना कबूल करून त्याच वर्षी काढून घेतलेल्या चाळीस एकरांची आठवण आहे. त्याच पक्षाच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांची गृहनिर्माण योजना मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. ज्या वस्त्या १९३० च्या दशकात नकाशावर लाल रंगाने रंगवून कर्जाला अपात्र ठरवल्या होत्या, तिथल्या पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना सुरुवातीच्या रकमेसाठी मदत, अशी तिची रचना होती. ज्या कागदाने नुकसान केले, तोच कागद भरपाईसाठी पुढे करण्याची ही पद्धत मला फार पटते. २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार मधल्या (म्हणजे निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली, अशा) गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर होती आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. एवढे अंतर वेतनवाढीने भरून निघत नाही; ते घर, जमीन आणि वारसा यांचे अंतर आहे.

एवढे असूनही दक्षिण कॅरोलायना राज्यात, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, सँडर्स दोनदा सपाटून हरले. २०१६ मध्ये तिथल्या दर दहांपैकी आठांहून अधिक कृष्णवर्णीय मतदारांनी हिलरी क्लिंटन यांना मत दिले, तर २०२० मध्ये सुमारे साठ टक्क्यांनी बायडेन यांना. हे मतदार, विशेषतः वयस्क बायका, मागासलेले किंवा परिवर्तनाला घाबरणारे आहेत, असा सूर मी आपल्याकडच्या काही पुरोगामी मित्रांकडूनही ऐकला आहे आणि तो मला दुखावतो. ज्या पिढीने १९६५ चा मताधिकार कायदा मिळवला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे दात काढलेले पाहिले, ती पिढी आश्वासनाची लांबी मोजत बसत नाही. कोण निवडून येईल, कुणाशी आपली जुनी ओळख आहे, हरल्यावर सूड कुणावर उगवला जाईल, हे ती पाहते. माझी मायसुद्धा असेच मत देते आणि तिच्या मतामागे माझ्यापेक्षा जास्त विचार असतो.

पोलिसांच्या बाबतीत तर पुरोगामी घोषणा आणि वस्ती यांत उघड अंतर पडले. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाने केलेल्या हत्येनंतर, २०२० च्या उन्हाळ्यात, पोलिसांचा निधी काढून घ्या ही घोषणा सर्वत्र झाली. त्याच उन्हाळ्यात गॅलप या जनमत चाचणी संस्थेने केलेल्या पाहणीत ८१ टक्के कृष्णवर्णीयांनी सांगितले की, पोलिसांनी आपल्या भागात सध्याइतकाच किंवा त्याहून जास्त वेळ घालवावा. पोलिसांनी मारू नये आणि चोरी किंवा गोळीबार झाला तर पोलिसांनी यावे, या दोन्ही मागण्या एकाच घरातून येतात. अॅट्रॉसिटीची फिर्याद नोंदवून घ्यावी म्हणून ठाण्याच्या पायरीवर रात्रभर बसलेल्या माणसांना यात कसलाही विरोधाभास दिसणार नाही.

आरोग्याबाबत मी एकच गोष्ट सांगते. २०२१ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांमध्ये हेच प्रमाण २६.६ होते. यात शिकलेल्या, चांगल्या पगाराच्या, विमा असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियाही सुरक्षित नाहीत, कारण दुखते आहे असे त्या सांगतात तेव्हा समोरचा डॉक्टर ते खरे मानतोच असे नाही. सर्वांसाठी विमा हा पुरोगामी कार्यक्रम अत्यंत गरजेचा आहे, तरी तो रुग्णालयाच्या दारापर्यंतच नेतो. दाराच्या आत काय होते, यासाठी लॉरेन अंडरवूड आणि अल्मा अॅडम्स या कृष्णवर्णीय खासदार स्त्रियांना कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याची वेगळी विधेयके आणावी लागली. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या भराभर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये गाजले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हाही हेच दिसले होते. खाडा झाला की मुकादम दंड कापतो, फडात ना आडोसा ना पाणी, आणि पाळीचे दुखणे घेऊन गेलेल्या तिशीतल्या बाईला पिशवीच काढून टाक असे सांगितले जाते. कोणत्याही पक्षाच्या ‘सर्वांसाठी आरोग्य’ या ओळीत हा फड दिसत नव्हता, कारण ती ओळ लिहिणाऱ्यांपैकी कुणी कोयता धरलेला नव्हता.

म्हणूनच मला फॅनी लू हेमर यांचे उदाहरण सर्वांत जवळचे वाटते. मिसिसिपीत दुसऱ्याच्या मळ्यात कापूस वेचणारी ही बाई. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून मळेवाल्याने तिला त्याच रात्री घरातून काढले. १९६४ मध्ये तिने आणि तिच्या सोबत्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात मिसिसिपीच्या केवळ गोऱ्यांच्या शिष्टमंडळाला आव्हान दिले. नागरी हक्क कायदा नुकताच करणाऱ्या, त्या काळातल्या सर्वांत पुरोगामी सरकारने तडजोड म्हणून त्यांना दोन जागा देऊ केल्या, आणि त्या दोन जागांवर कोण बसेल हेही परस्पर ठरवून टाकले. त्यांनी तडजोड नाकारली. पुढे १९६९ मध्ये हेमर यांनी आपल्या भागात सहकारी शेती उभारली, कारण जमीन हातात नसेल तर मतही पूर्णपणे आपले नसते, हे त्यांनी अंगावर सोसले होते.

माझ्या बापाने १९८४ पासून गावच्या गायरानावर अडीच एकर वहीत केली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये घेतला. निर्णय चांगला होता आणि मराठवाड्यातील भूमिहीनांनी तो लढून मिळवला होता. त्यासाठी एक-ई च्या, म्हणजे गावातल्या अतिक्रमणांच्या, नोंदवहीत नाव लागते, आणि ती नोंदवही ज्यांच्या हातात होती त्यांनी गावातल्या मोठ्या वाड्याकडे बघून आमचे नाव त्या मुदतीच्या आत कधी लिहिलेच नाही. बापाकडे दंडाच्या पावत्या होत्या. दर वर्षी अतिक्रमणाचा दंड भरला की तो पावती घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवायचा, आणि पहिली पावती १९८६ ची आहे. बाप गेला, तरी आमचा दावा चालू आहे.

गेल्या दिवाळीत तो कार्यकर्ता पुन्हा घरी आला होता. आता तो एका पक्षाच्या जिल्ह्यातील जाहीरनामा समितीवर आहे. मायने पेटी उघडली, पावत्या एकेक करून त्याच्यापुढे चटईवर मांडल्या आणि प्रत्येकीवरचे वर्ष त्याला मोठ्याने वाचायला लावले. त्याने सगळी वर्षे वाचली. मग त्याने खिशातली वही काढली आणि “मावशी, एक-ई ची नोंद मुद्दाम टाळली असंल तर पावती पुरावा धरावी, आसं लिहू का?” असे विचारले. माय म्हणाली, “लिव्ह. आन्‌ लिवल्यावर मला वाचून दाखीव.”